त्रेसष्ट चकत्या आणि एक मधुमालती

ठिपकेमिस्त्री आणि मी प्रौढांच्या साक्षरता वर्गात एकाच बाकावर बसत होतो. आमची ओळख ती अशी. बाक लहान मुलांच्या मापाचा होता, त्यामुळे दोघांचेही गुडघे छातीशी येत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पाटीत डोकावून विचारले, "हा 'ख' तुम्ही दोन तुकड्यांत काढता की एका ओढीत?" असा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. पुढे जे लिहिले आहे ते मिस्त्रींनी, त्यांच्या अक्कांनी आणि माळीबुवांनी मला वेळोवेळी सांगितलेले आहे. तिघांच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे मी मिस्त्रींचे खरे धरले आहे, कारण चूक त्यांची होती आणि ती सांगताना त्यांनी काहीही हातचे राखले नाही.

मिस्त्रींनी चौतीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काम केले. अक्षर येत नसल्यामुळे त्यांनी कामाची स्वतःची रीत बसवली होती. कोणतेही यंत्र उघडण्यापूर्वी ते जोडाच्या दोन्ही बाजूंना पंच ठेवून हातोडीने ठिपका उमटवीत. पहिल्या जोडाला एक, दुसऱ्याला दोन, असे पुढे. यंत्र पुन्हा बसवताना ठिपक्यासमोर ठिपका आला की काम बिनचूक. बाकीचे कामगार खडूने आकडे घालीत. ते आकडे तेलापाण्याने पुसले जात आणि मग दोन तास वादावादी चाले. मिस्त्रींचे ठिपके मात्र लोखंडाबरोबर राहत. म्हणून त्यांचे नाव ठिपकेमिस्त्री पडले, आणि ते त्यांनी मानाने मिरवले.

त्यांचा दुसरा नियम असा की, जोडणी संपल्यावर एकही भाग उरता कामा नये. एखादा वायसर जरी हातात राहिला तरी ते सगळे पुन्हा उघडीत. "उरला म्हणजे कुठेतरी कमी पडला," असे ते म्हणत.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना ते साक्षरता वर्गात आले, ते केवळ कुतूहलापोटी. मोठ्या पंपावर एक पितळी पट्टी होती. तिच्यावरची अक्षरे ते रोज फडक्याने पुसून लखलखीत ठेवीत, पण ती काय म्हणतात हे त्यांना माहीत नव्हते, आणि इतक्या वर्षांनी विचारायची लाज वाटे. पंप भंगारात जाण्यापूर्वी ती पट्टी स्वतः वाचायची, एवढाच त्यांचा हेतू. सहाव्या महिन्यात ती त्यांनी वाचली. तिच्यावर लिहिले होते, 'सुरू करण्यापूर्वी पंपात पाणी भरावे.'

"मग?" मी विचारले.

"मग काय! चौतीस वर्षं मी तेच करतोय. आपल्याला वाटलं, आत काही गुपित असेल."

पंपघराला लागून दोन खोल्यांचे सरकारी घर होते. त्यात मिस्त्री आणि त्यांची थोरली बहीण राहत. मिस्त्रींनी लग्न केले नाही. अक्का विधवा झाल्यावर बावीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आल्या, आणि आल्या त्याच आठवड्यात त्यांनी मागच्या जाळीशी मधुमालतीची हातभर काडी खोचली. त्या काडीची पुढे अशी वेल झाली की तिने अख्खी लोखंडी जाळी, खिडकीची चौकट आणि न्हाणीघराचे छप्पर व्यापले. तिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि मग लाल. अक्का घोसाकडे पाहून सांगत, "हे परवाचं, हे कालचं, हे आजचं." मिस्त्रींना याचे फार नवल वाटे. रंग बदलायला आत कोणती कळ असेल, म्हणून त्यांनी एकदा फूल उभे चिरून पाहिले होते. अक्कांनी त्यांना दिवसभर फैलावर घेतले.

निवृत्तीबरोबर घर सोडणे आले. मिस्त्रींनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका गल्लीच्या शेवटी, दोन खोल्या आणि मागे जेमतेम बारा पावलांची मोकळी जागा असे घर पाहून ठेवले. अक्कांनी ते घर एकदा पाहिले, नळाचे पाणी ओंजळीत धरून हुंगले, आणि मागच्या जागेतली माती चिमटीत चुरली. परत येताना बसमध्ये म्हणाल्या, "बाबू, मी धाकटीकडे जाते."

धाकटी म्हणजे त्यांची सगळ्यांत लहान बहीण. तिच्याकडे मागची खोली रिकामी होती. तिने कळवले होते की अक्का येणार असेल तर खोली तिची, नाहीतर पहिल्या तारखेपासून भाडेकरू ठेवणार.

"का? घर आवडलं नाही?" मिस्त्रींनी विचारले.

"घर कळायला वर्ष लागतं. आणि या वयात मी पुन्हा नव्यानं रुजायची नाही. सासरी गेले तेव्हा लोक म्हणाले, रुळशील. तुझ्याकडे आले तेव्हाही म्हणाले, रुळशील. रुळले, पण कसं ते माझं मला माहीत."

"आणि मधुमालती?"

"ती तुझ्या घरी लाव. तिथे तिला पान फुटलं, तर मला कळव. त्या मातीत ती राहिली तर मीही राहीन. नाही फुटलं, तर माझं धाकटीकडे बरं चाललंय असं समज."

मिस्त्री "बरं" म्हणाले. हेच ते नेहमी म्हणत. भाडेकरू ठेवायच्या पहिल्या तारखेला बेचाळीस दिवस होते; तोवर अक्कांचे कायमचे कुठे ते ठरायचे होते. अक्का आपली ट्रंक घेऊन धाकटीकडे गेल्या, आणि मिस्त्री वेलीसमोर उभे राहिले.

त्यांनी वेल हलवण्याचे काम पंप हलवण्यासारखेच हाती घेतले. डब्याच्या पत्र्यातून त्यांनी बोटभर चकत्या कापल्या, प्रत्येकीवर पंचाने ठिपके पाडले आणि तारेने एकेका फांदीला एकेक चकती बांधली. अशा त्रेसष्ट फांद्या भरल्या. दहाच्या पुढे ठिपके मोजणे अवघड, म्हणून दहासाठी त्यांनी आडवी रेघ ठरवली. जाळीच्या ज्या चौकोनातून फांदी जात होती त्या चौकोनाशीही तेवढेच ठिपके पाडले. मग चार दिवस एकेक वेटोळे उलगडले. गळालेल्या पानाचा देठ मधुमालतीला काट्यासारखा चिकटून राहतो. मिस्त्रींचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. पण एक गोष्ट पाहून त्यांना काटे विसरायला झाले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फांद्या एकाच बाजूने वळलेल्या होत्या. एकही उलटी नव्हती.

"सगळ्या एकाच आट्याच्या," ते वर्गात मला म्हणाले. "आमच्याकडे नटबोल्टातसुद्धा एखादा उलट्या आट्याचा निघतो. हिला कोण सांगतं?"

मी म्हटले, वर्गाच्या बाईंना विचारा. बाई म्हणाल्या, त्यांनाही माहीत नाही. मिस्त्रींना आनंद झाला; शिकलेल्या माणसालाही न येणारे काहीतरी त्यांना सापडले होते.

तेवढ्यात माळीबुवा आले. ते सार्वजनिक बागेत कामाला होते, आणि बागेचे पाणी पंपघरातून जात असल्यामुळे त्यांची मिस्त्रींशी जुनी दोस्ती होती. चकत्या पाहून ते हसत सुटले.

"मिस्त्री, ही वेल आहे की लग्नाचा आहेर? एवढ्या चिठ्ठ्या कशाला?"

"जशीच्या तशी बसवायची आहे."

"अहो, गुडघ्याएवढी ठेवा आणि बाकी छाटून टाका. मग खणा. आणि एकदम खणू नका. आज एक बाजू, आठ दिवसांनी दुसरी. मुळांना दम घेऊ द्या."

"छाटू? अक्काची वेल?"

"मग काय सगळी नेणार?"

"सगळी. एकही फांदी उरणार नाही."

माळीबुवांनी कपाळाला हात लावला. पण मिस्त्री त्यांच्या रीतीत तरबेज होते आणि तिने त्यांना आजवर दगा दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहार घेऊन एका दमात चारही बाजूंनी खणले. दोन जाड मुळे पंपघराच्या पायाखाली शिरली होती. ती त्यांनी लोखंड कापायच्या करवतीने कापली. मातीचा गड्डा गोणपाटात बांधला, फांद्या जुन्या चादरीत गुंडाळल्या, जाळीसुद्धा भिंतीतून काढली आणि सगळे टेम्पोत घालून नव्या घरी नेले. तिथे आदल्या दिवशीच मापात खड्डा घेऊन ठेवला होता. बुंध्यावर रंगाने पूर्वेची खूण होती. ती पूर्वेलाच आणली. मग माती लोटून धुमशाने अशी ठोकली की बुंधा तसूभर हलेना. जोड ढिला राहिलेला त्यांना खपत नसे.

संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट फांद्या आपापल्या चौकोनात परतल्या. मिस्त्री दाराशी उकिडवे बसून पाहत राहिले. पान न् पान जागच्या जागी होते. "वेलीला कळायचंसुद्धा नाही की घर बदललं," ते स्वतःशी म्हणाले.

वेलीला तिसऱ्या दिवशी कळले. शेंड्याची पाने लोंबली. चौथ्या दिवशी मधली लोंबली आणि कडांना तपकिरी झाली. मिस्त्रींनी पाणी वाढवले. पाणी वरच साचून राहिले. पाचव्या दिवशी हात लावताच पाने कागदासारखी वाजू लागली, तेव्हा ते पायजमा चिखलाने भरलेला तसाच घेऊन माळीबुवांकडे गेले.

माळीबुवांनी येऊन पाहिले. या वेळी ते हसले नाहीत. "माती केलीत की रस्ता? हवा जायला जागा नाही. आणि वर केवढा हा पसारा! खाली मुळं किती उरलीत?"

"दिसली तेवढी आणली."

"न दिसणारी?"

 मिस्त्रींनी जमिनीवरचे सगळे मोजले होते. जमिनीखालच्या कशालाच चकती नव्हती. त्यांनी जाळीवरून बोट बुंध्यापर्यंत खाली आणले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे पाणी ओढणारं सक्शन तुटलंय आणि पाणी चढवणारी डिलिव्हरी तेवढीच लांब आहे. पंप पाणी उचलणार कुठून?"

"आता कसं बोललात!"

"मग डिलिव्हरी कमी करायला पाहिजे."

"तेच तर मी आहेर बघून सांगत होतो."

कात्री माळीबुवांची होती, पण कापायला मिस्त्रींनी त्यांना हात लावू दिला नाही. त्यांनी शेवटच्या चकतीपासून सुरुवात केली. फांदी कापली की चकती सोडवून ते बादलीत टाकीत; ती टण्ण वाजे. त्रेसष्ट वेळा वाजली. न्हाणीघराचे छप्पर व्यापणारी वेल तीन गुडघाभर खुंटांवर आली. कापलेला भारा दारात कमरेइतका उंच झाला. मिस्त्रींच्या हिशोबाने हे सगळे उरलेले भाग होते, आणि असे काम त्यांनी जन्मात केले नव्हते. मग त्यांनी गुडघ्यावर बसून, स्वतःच ठोकलेली माती खुरप्याने बोट बोट मोकळी केली. वर गोणपाटाची सावली बांधली.

"आता?" त्यांनी विचारले.

"आता काही करायचं नाही."

"काहीच?"

"मिस्त्री, तुम्हाला हेच जड जाणार."

ते जडच गेले. खुंट जिवंत आहे की नाही हे कसे ओळखावे, तर साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर जीव आहे, असे माळीबुवांनी सांगितले होते. मिस्त्री रोज नव्या जागी खरवडू लागले आणि वर्गात येऊन पाटीवर 'आज हिरवे' असे लिहू लागले. बाईंना वाटले, ते शुद्धलेखन आहे. दहाव्या दिवशी खुंट पाहून माळीबुवा ओरडले, "अहो, वाळली नाही तर खरवडूनच माराल तिला!"

मग मिस्त्रींनी दुसरा मार्ग काढला. बेअरिंग ऐकताना ते स्क्रू ड्रायव्हरचे टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावीत. तसेच त्यांनी खुंटाला लावले. शेजारची बाई भिंतीवरून पाहत होती. तिने विचारले, "काय ऐकताय हो?"

"पाणी चढतं का ते."

"मग? चढतंय?"

"काही ऐकू येत नाही. पण बंद पंपसुद्धा गप्पच असतो. बंद म्हणजे मोडलेला नव्हे."

ती बाई आत जाऊन नवऱ्याला काय म्हणाली ते मिस्त्रींना ऐकू गेले. ते त्यांनी मला सांगितले, पण इथे लिहिण्यासारखे नाही.

दिवस सरत होते. घरात एकाच माणसाचा आवाज होता आणि तोही फारसा बोलका नव्हता. अक्कांची खाट त्यांनी मागच्या खोलीत, सकाळचे ऊन पायाशी येईल अशी लावून ठेवली होती. तिच्यावर चादर घातलेली असे. दर चार दिवसांनी ते ती झटकून पुन्हा घालीत. महिना संपायला सहा दिवस उरले आणि खुंट तसेच बोडके होते.

माळीबुवांना राहवेना. ते म्हणाले, "लिहून टाका पान आलं म्हणून. आज ना उद्या येईलच की. अक्का येतील तोवर आलेलंही असेल."

"आणि नाही आलं तर?"

"तर तेव्हाचं तेव्हा बघू."

मिस्त्रींनी मान हलवली. "पंप बंद असताना चालू आहे असं मी कधी वर कळवलं नाही, बुवा. एकदा तर साहेब स्वतः म्हणत होते, सांगून टाक. नाही सांगितलं. गावाला दिवसभर पाणी नव्हतं आणि शिव्या मी खाल्ल्या."

"मग काय, अक्का राहिल्या तिकडे!"

 त्या दिवशी वर्गात मिस्त्रींनी बाईंकडून एक पोस्टकार्ड मागून घेतले आणि शेवटच्या बाकावर एकटे जाऊन बसले. आम्ही बाकीचे पाढे म्हणत होतो. ते मधूनच उठून माझ्याकडे येत आणि एखादे अक्षर विचारीत. "'ठाऊक'मधला 'ऊ' दीर्घ ना?" "'खरवडली'ला किती अक्षरं?" वर्ग सुटला तरी ते लिहीतच होते. बाईंनी कुलूप हातात घेऊन वाट पाहिली. मिस्त्रींनी आजवर कोणालाही पत्र लिहिले नव्हते. हे पत्र त्यांनी स्वतः चालत जाऊन पेटीत टाकले आणि पेटीचे झाकण दोनदा उघडून पाहिले, ते आत नीट पडले की नाही म्हणून.

तीस तारखेला दुपारी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. अक्का ट्रंकेसह उतरल्या. मिस्त्री दारात उभेच राहिले. अक्कांनी त्यांना ओलांडले, दोन्ही खोल्या ओलांडल्या आणि त्या थेट मागे गेल्या. सावलीचे गोणपाट उचलून त्यांनी तीन खुंटांकडे पाहिले.

"ही माझी वेल?"

"हो."

"बावीस वर्षांपूर्वी मी लावली तेव्हासुद्धा हिच्याहून बरी होती."

"चुकलं माझं. जशीच्या तशी बसवायला गेलो."

"आणि या कसल्या रे चकत्या बादलीत?"

"फांद्यांचे नंबर."

अक्कांनी बादलीत हात घातला, मूठभर चकत्या काढल्या, ठिपके पाहिले आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना आत येऊन खाटेवर बसावे लागले. हसू थांबल्यावर पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बाबू, चहा टाक. आणि ही खाट उलटी लावली आहेस. ऊन पायाशी नको, पाठीशी पाहिजे."

त्या धाकटीकडे परत गेल्या नाहीत. खोलीत पहिल्या तारखेला भाडेकरू आला. आणि वेलीला तेव्हाही पान नव्हते.

पान आले ते पुढे अकराव्या दिवशी, आणि मिस्त्री ज्यांच्याकडे डोळे लावून बसले होते त्या खुंटांवर नव्हे. अक्का अंगण झाडत असताना खुंटांपासून वीतभर अंतरावर, मोरीच्या कडेला, तांबूस कोंभ जमिनीतून वर आलेला त्यांना दिसला. पुढच्या पंधरवड्यात एका खुंटालाही दोन डोळे फुटले. बाकीचे दोन वाळून गेले. मिस्त्रींनी लगेच पंच आणि चकती काढली.

"पुन्हा हिला बिल्ला लटकवलास तर मीच उपटून टाकीन," अक्का म्हणाल्या.

चकती खिशात गेली. पण कुतूहल कसले जाते! कोंभ हातभर झाल्यावर मिस्त्रींनी त्याला जाळीच्या गजाभोवती मुद्दाम उलट्या बाजूने वळवून सुतळीने सैल बांधले. घर नवे, माती नवी, मग आटाही नवा चालतो का, हे त्यांना पाहायचे होते. दोन दिवसांनी कोंभाने सुतळीतून शेंडा सोडवून घेतला होता आणि तो आपल्या जुन्याच बाजूने गजाला वेढा घालीत होता. मिस्त्रींनी अक्कांना हात धरून ओढत आणले. "बघ! बघ! हिला अजून आठवतंय!" अक्का म्हणाल्या, "तुला आज कळलं?"

आता मधुमालती कौलांपर्यंत गेली आहे. शेजारच्या बाईने तिची एक फांदी आपल्या भिंतीवर घेतली आहे आणि ती मिस्त्रींना स्क्रू ड्रायव्हरवरून अजून चिडवते. माळीबुवा संध्याकाळी चहाला येतात.

मागच्या महिन्यात मी मिस्त्रींकडे गेले होते. मिस्त्री पोस्टात गेले होते. मी अक्कांना विचारले, "वेलीला पान नव्हतं, मग तुम्ही आलात कशा?" अक्कांनी उशीखालून ते पोस्टकार्ड काढून माझ्या हाती दिले. "धाकटीनं मला एकदा वाचून दाखवलं. पुन्हा ऐकायचं होतं, पण बाबूला वाच म्हणणार कसं? तुम्ही वाचा. सावकाश वाचा."

मी वाचले. अक्षरे मोठी होती, शेवटची ओळ जागा संपल्यामुळे कडेने उभी गेली होती. मजकूर असा होता:

'अक्का, मधुमालतीला पान नाही. साल खरवडली की आत हिरवे दिसते. पुढे जगेल की नाही ते मला ठाऊक नाही. तरी तू माझ्याकडे राहायला ये.'